सतराव्या मिनिटाला

फोनवर सिग्नलच्या चार दांड्या उमटल्या तेव्हा दवाखान्याच्या चादरींच्या खोलीत तिघं जण होते. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ धरला आणि म्हणाले, "आलं की गं सूनबाई! आपलं आपलं टॉवर!"

भिंगरीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती खुर्चीच्या टोकावर बसून काळ्या पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत होती. तिच्या टाचा जमिनीला टेकत नव्हत्या. नर्सबाई दुसरा फोन घेऊन मागच्या अंगणात गेल्या, तिथून मामंजींशी बोलल्या, औषधांच्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते विचारलं, पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेल्या, हसत परत आल्या. आणि सतराव्या मिनिटाला पडद्यावरच्या ओळी थबकल्या. मग एकाच अक्षराची रांग लागली, मुंग्यांसारखी. मामंजींच्या हातातल्या फोनच्या दांड्या गेल्या.

"गेलं," मामंजी म्हणाले.

"दिसतंय मला," भिंगरी म्हणाली, आणि उठून उगाच खोलीला एक फेरी मारून आली.

भिंगरी हे तिचं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसत नाही म्हणून आईनं ठेवलेलं ते, पण शाळेत, कंपनीत, सासरी, जिथे गेली तिथे ते तिच्या आधी पोचलं. नवरा जहाजावर इंजिनच्या खोलीत कामाला. सहा सहा महिने पाण्यावर. ती इथे या खोऱ्यात सासऱ्यांच्या घरी राहायची आणि दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायची. त्याआधी ती शहरातल्या एका मोठ्या मोबाईल कंपनीत होती. ती का सोडली हे इथे कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं नव्हतं.

दवाखान्याच्या दारावर महिन्यापूर्वी नोटीस लागली होती. खोऱ्यात ग्राहक पुरेसे नाहीत, सबब पुढच्या महिनाअखेर टॉवर बंद होईल. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा तर दहा वर्षांपूर्वीच गुंडाळून नेल्या होत्या. त्या तारा तरुणपणी मामंजींनीच खांबावर चढून ओढल्या होत्या. गुंडाळून नेल्या त्या दिवशी ते दिवसभर जेवले नव्हते. आता चौतीस घरं, एक शाळा, एक दवाखाना, आणि बाहेरच्या जगाशी धागा म्हणून कड्यावरच्या तबकडीतून दवाखान्यात येणारं इंटरनेट, एवढंच उरणार होतं.

"आपणच उभारू," असं भिंगरी दवाखान्याच्या बैठकीत बोलून गेली होती. बोलून झाल्यावर तिला वाटलं, जीभ चावायला हवी होती. पण नर्सबाईंनी ते शब्द धरून ठेवले. परवानगीचे कागद त्यांनीच मिळवले.

काम ऐकायला सोपं होतं. मोबाईल कंपनीच्या मोठमोठ्या यंत्रांत जे चालतं, त्याच धर्तीचं सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहून खुलं ठेवलेलं होतं. कुणीही घ्या, उघडा, बदला. दवाखान्याचा एक जाडजूड कॉम्प्युटर, डब्याएवढी रेडिओची पेटी, पाण्याच्या टाकीवर दोन अँटेना, आणि शंभर कोरी सिमकार्डं. एवढ्यात खोऱ्याचं नेटवर्क.

घोडं पेंड खात होतं ते कर्नलपाशी. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या गाभ्यात बसून बाकी सगळ्या प्रोग्रामना कामं आणि वेळ वाटून देणारा प्रोग्राम. मामंजींना पहिल्या दिवसापासून हा शब्द फार आवडला होता. सकाळी चहा पुढे करताना ते विचारायचे, "काय, आज कर्नलसाहेब काय म्हणतात? आघाडीवर की रजेवर?"

रेडिओच्या पेटीला वेळेचं भारी वेड. सेकंदाचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला की ती रुसायची. म्हणून तिच्यासाठी खास घाई-घाईचा कर्नल लागायचा, आणि तो आयता मिळत नव्हता. आपल्या यंत्राच्या मापानं बांधावा लागायचा. त्यातच लोकांचं बोलणं इकडून तिकडे वाहून नेणारा एक भाग कर्नलच्या पोटात बसवायचा होता, आणि तो भाग ठरावीक कर्नलशीच जमवून घ्यायचा. एकाला नवं हवं, दुसऱ्याला जुनं. भिंगरीनं आतापर्यंत नऊ कर्नल बांधले होते. तिसरा सुरूच झाला नाही. पाचव्याला डिस्कच सापडेना. सहावा सुरू झाला आणि कीबोर्ड विसरला. नवव्यानं फोन जोडले, बोलणं नेलं, आणि सतराव्या मिनिटाला मान टाकली.

महिना संपायला अकरा दिवस होते.

त्या दिवसानंतर भिंगरी झपाटल्यासारखी झाली. एक कर्नल बांधायला पन्नास मिनिटं लागत. तेवढा वेळ पडद्याकडे बघत बसणं तिच्यानं होत नसे. ती चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. टाकीवर चढून अँटेनाचे बोल्ट आवळायची. आवळलेलेच पुन्हा आवळायची. रस्त्याच्या वळणापर्यंत जाऊन परत यायची. घरी जेवताना तिचा हात ताटावरून उठून फोनकडे जायचा.

"अगं, घास तोंडात आहे तो गिळ तरी," मामंजी म्हणाले.

"गिळला."

"दोन घास आहेत. मी मोजतोय."

दहावा कर्नल एकोणीस मिनिटं टिकला. तिला उगाच आशा वाटली. अकरावा पुन्हा सतरावर. मामंजी फोन मांडीवर ठेवून, मनगटी घड्याळ काढून समोर धरून बसायचे आणि दर मिनिटाला आकडा उच्चारायचे. चौदा म्हटलं की ती खुर्चीतून उठायची.

शेवटी तिनं ते केलं जे ती टाळत होती. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांची एक चर्चेची जागा होती, तिथे तिनं सगळी हकीकत लिहिली: यंत्र कुठलं, पेटी कुठली, कर्नल कुठला, मान कधी टाकतो. शेवटच्या पन्नास ओळी चिकटवल्या. नाव दवाखान्याचं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर होतं. उत्तर देणाऱ्यानं नाव दिलेलं नव्हतं, नुसती दोन अक्षरं होती. भिंगरीनं वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला तिनं लिहिणाऱ्याला ओळखलं.

"पायरी शून्य: उठा, पाणी प्या.

पायरी एक: कर्नलमध्ये विजेची बचत सुरू आहे का बघा. प्रोसेसरला जरा काम कमी झालं की तो डुलकी घेतो. उठायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तुमच्या पेटीचा हात सुटतो. डुलकी पूर्ण बंद करा.

पायरी दोन: प्रोसेसरचे दोन गाभे, म्हणजे कोअर, फक्त रेडिओसाठी राखून ठेवा, दुसऱ्या कुणाला तिथे पाय ठेवू देऊ नका.

पायरी तीन: हे बदल करून कर्नल नव्यानं बांधलात की वाहून नेणारा भाग त्याच्यावर पुन्हा बांधावा लागेल. हे लोक विसरतात.

एवढं करून बघा, मग बोलू."

साऱ्या जगात पायऱ्या शून्यापासून मोजणारा आणि पहिल्यांदा पाणी प्यायला लावणारा एकच माणूस तिला माहीत होता. कंपनीत त्याला सगळे मास्तर म्हणत. समजावून सांगायला लागला की कुणाच्याही टेबलाचा फळा करायचा. भिंगरी त्याच्या पलीकडच्या टेबलावर बसायची. खरं तर बसायची म्हणणं चूक आहे, ती कुणाच्याही खुर्चीत बसायची.

चार वर्षांपूर्वी एका दुपारी, अडीचच्या सुमाराला, मास्तर आईची औषधं आणून देणाऱ्याला भेटायला खाली फाटकापाशी गेला होता. त्याचा पडदा उघडाच होता. भिंगरीनं तेव्हा एक नवा कर्नल बांधला होता आणि तो चालवून बघायला तिचे हात शिवशिवत होते. तिचं स्वतःचं यंत्र काहीतरी दुसरं करण्यात अडकलं होतं. ती मास्तरच्या खुर्चीत बसली. पडद्यावरची उघडी खिडकी चाचणीच्या यंत्राची आहे असं तिला वाटलं. दोन मिनिटं तरी खात्री करून घ्यायला हवी होती. तिनं घेतली नाही. ती खिडकी खऱ्या, चालत्या यंत्राची होती. अर्ध्या शहराचं बोलणं ज्याच्यातून जायचं, त्या यंत्राची. तिनं नवा कर्नल चढवला, यंत्र पुन्हा सुरू करायला सांगितलं, आणि ते बंद झालं ते परत उठलं नाही.

चाळीस मिनिटं अर्ध्या शहराचे फोन मुके झाले. कुणी दगावलं असं कुठे आलं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत कुणाकुणाचा फोन लागला नाही हे कोण सांगणार?

चौकशीला तीन अधिकारी बसले. नोंदीत मास्तरचं नाव होतं, मास्तरचं यंत्र होतं. मास्तर म्हणाला, मी खाली होतो. त्यांनी भिंगरीला विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत?" ती मूग गिळून गप्प बसली असती तरी एक वेळ ठीक होतं. ती म्हणाली, "नाही. मी माझ्या जागेवर होते."

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे पाहिलं. आठवड्यात त्याला काढलं. पुढे आठ महिने भिंगरी त्याच खोलीत, त्या रिकाम्या खुर्चीशेजारी काम करत राहिली, आणि मग एक दिवस राजीनामा देऊन इथे आली.

आता तिनं पडदा बंद केला. पाणी प्यायली नाही.

दोन दिवस तिनं त्या उत्तराला हात लावला नाही. दुसरंच काहीतरी करत राहिली. रेडिओची ताकद कमी केली, वाढवली. केबल बदलली. पेटीवर पंखा बसवला. कारण कळलं होतं, उपाय समोर लिहिलेला होता, आणि तो मास्तरच्या हातचा होता म्हणून तिला घेववत नव्हता. हा सगळा वेळ मामंजी घड्याळ धरून आकडे म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई वरच्या वस्तीवर एका म्हाताऱ्या मधपाळाला बघायला गेल्या होत्या. तिथून त्यांनी नव्या नेटवर्कवरून दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तदाब सांगितला. डॉक्टर म्हणाले, "ती पांढरी गोळी आहे ना, ती आता..." आणि फोन तुटला.

नर्सबाई तासाभरानं पायी खाली आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्या थेट चादरींच्या खोलीत आल्या.

"ती आता काय? द्या की देऊ नका? मी तिथे गोळी हातात धरून उभी. तो माझ्या तोंडाकडे बघतोय. शेवटी जुन्या टॉवरवरून लावला आणि कळलं, देऊ नका." त्यांनी पिशवी टेबलावर आपटली. "हे बघ, मला अर्धं वाक्य नको. फोन मुळीच नसला तर मी माझ्या अकलेनं काहीतरी करीन. अर्ध्या वाक्यावर मी काय करू?"

"चुकलं माझं," भिंगरी म्हणाली.

"चुकलं म्हणू नकोस. नीट कर. होणार नसेल तर तसं सांग, मी लोकांना सांगते." त्या गेल्या. मग दारातून परत डोकावल्या. "जेवलीस का?"

भिंगरी घरी आली. मामंजी ओट्यापाशी उभे राहून बटाटे सोलत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली.

"बस," मामंजी म्हणाले.

"बसवत नाही."

"मग उभ्यानं सांग. तीन दिवस काहीतरी घशात अडकलंय तुझ्या."

तिनं उभ्यानंच सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. चौकशीच्या टेबलापाशी आली तेव्हा मामंजींची सुरी थांबली. ती बोलायची थांबली तरी सुरी तशीच हातात होती. तिला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, झालं गेलं. मामंजी तिला कधी टाकून बोलले नव्हते.

"खांबावर असताना," ते अखेर म्हणाले, "खालचा माणूस सांगायचा, तारेत वीज नाही, धर. मग आम्ही धरायचो. बघता यायचं नाही ना वरून. त्याच्या शब्दावर धरायचो." त्यांनी सुरी खाली ठेवली. "तू त्याला धरायला लावलंस."

भिंगरी ओट्याला टेकून उभी राहिली.

"आता काय करू?"

"मला काय विचारतेस? मी बटाटे सोलतोय." मग जरा वेळानं, तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "त्याचं उत्तर वापरायचं असेल तर कोण वापरतंय ते त्याला कळू दे. आधी ते. कर्नलबिर्नल मग."

तिनं मास्तरला खासगी निरोप लिहायला घेतला. पहिल्यांदा दोन पानं झाली. त्यात नवऱ्याचं जहाज होतं, नोकरीची काळजी होती, ती किती घाबरली होती ते होतं. वाचल्यावर तिला स्वतःचाच राग आला. सगळं पुसलं. शेवटी चारच वाक्यं राहिली. दवाखान्याच्या नावानं प्रश्न विचारणारी मी भिंगरी आहे. त्या दुपारी तुझ्या खुर्चीत बसून ते यंत्र मी बंद केलं. चौकशीत मी खोटं बोलले. कंपनीला मी हे लेखी कळवते आहे आणि तुला काय हवं ते सांग.

पाठवलं, आणि ती कड्यापर्यंत चालत गेली. तबकडी जागेवर आहे का ते बघायला, असं तिनं स्वतःला सांगितलं.

परत आली तेव्हा उत्तर आलेलं होतं. एकच ओळ.

"डुलकी बंद केलीस का?"

ती ओळ तिनं पाच-सहा वेळा वाचली. दवाखान्याला तो 'तुम्ही' म्हणाला होता. आता 'केलीस' होतं. त्यात राग होता की काय होतं, तिला कळेना. तिनं लिहिलं, "नाही." उत्तर आलं, "मग कर. तिकडे दवाखाना आहे म्हणालीस ना."

तिनं विजेची बचत बंद केली. दोन गाभे राखले. कर्नल बांधायला लावला, बारावा. या वेळी ती घड्या घालायला गेली नाही, खोलीभर येरझारा घातल्या. तो बांधून झाल्यावर वाहून नेणारा भाग त्याच्यावर नव्यानं बांधला. मशीन बंद करून सुरू केलं. मामंजी फोन घेऊन मांडी घालून बसले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं.

"चौदा," ते म्हणाले. "पंधरा. सोळा."

भिंगरी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"सतरा. अठरा. अगं, वीस." मामंजींचा आवाज चिरकला. "पंचवीस झाले सूनबाई, बघ तरी इकडे!"

दुपारच्या जेवणापर्यंत फोन टिकला. संध्याकाळपर्यंत टिकला. नर्सबाईंनी वरच्या वस्तीवरून डॉक्टरांना मुद्दाम एक कंटाळवाणी यादी पूर्ण वाचून दाखवली, मग डॉक्टरांकडून उलट वाचून घेतली. एकही शब्द गळला नाही. खाली येऊन त्या काही बोलल्या नाहीत, भिंगरीच्या पाठीवर एक धपाटा तेवढा घातला.

आणि मग मास्तरचा आणखी एक निरोप आला. हा लांब होता.

"मला माहीत होतं. त्या दुपारी खोलीत आपण दोघंच होतो, आणि असा कर्नल बांधणारी तू एकटी. चौकशीत तू नाही म्हणालीस तेव्हा मला वाटलं, घाबरली आहे, उद्या सांगेल. मग वाटलं, परवा. घरी गेल्यावरसुद्धा महिनाभर फोन वाजला की वाटायचं, तूच असशील. नंतर वाटणं थांबलं. आता मला काम आहे, बरं चाललंय. कंपनीला लिहायचं तर लिही, तिथे परत मी जाणार नाही. मला एकच हवं आहे. माझ्या आईला फोन कर. नंबर खाली दिलाय. तिला सांग."

भिंगरीची पाचावर धारण बसली. बारा कर्नल परवडले, हे नको. तिनं त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कंपनीला पत्र लिहून पाठवलं, चौतीस घरांपैकी अकरा घरांची सिमकार्डं तयार केली, ती वाटून आली, टाकीवर चढली, उतरली. प्रत्येक वेळी फोन हातात घ्यायची, नंबर बघायची, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून ठेवून द्यायची. महिना संपायला दोन दिवस होते. दुपारी मामंजी म्हणाले, "मी शाळेत अँटेना बघून येतो," आणि टोपी घालून निघून गेले. शाळेत अँटेना नव्हती.

भिंगरी अंगणात उभी राहिली आणि तिनं नंबर फिरवला.

"कोण?" बाईंचा आवाज खणखणीत होता.

"मी तुमच्या मुलाबरोबर कंपनीत होते. शेजारच्या टेबलावर."

"त्याला काही झालंय का?"

"नाही, नाही. तो बरा आहे. त्यानंच तुमचा नंबर दिला."

"मग लवकर बोल. माझं दूध गॅसवर आहे."

भिंगरीनं सांगितलं. तिला वाटलं होतं तसं झालं नाही; आवाज कापला नाही, फार भराभरा मात्र बोलली. पलीकडे भांड्याचा, मग बटण फिरवल्याचा आवाज आला.

"परत सांग," बाई म्हणाल्या. "सावकाश. दूध उतरवलंय मी."

तिनं परत सांगितलं. या वेळी जास्त जड गेलं.

तिनं फोन कानापासून दूर धरून पाहिला. लागलेला होता.

"तो मला म्हणाला, आई, माझ्याच हातून झालं," बाई म्हणाल्या. "म्हणाला, पडदा उघडा टाकून गेलो, म्हणजे माझंच ना. मला काय कळतंय पडदाबिडदा. मला वाटलं, यानंच घोळ घातला. आणि मी काय करते माहीत आहे का तुला? चार वर्षं. दार उघडं राहिलं, पेला फुटला, किल्ली हरवली, काहीही झालं की म्हणते, असाच वेंधळा, नोकरी घालवलीस तशीच. शेजाऱ्यांसमोर म्हणते. त्याच्या बायकोसमोर म्हणते. आणि तो हसतो."

भिंगरीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हसतो गं," बाई म्हणाल्या. आणि मग आवाज एकदम चढला. "मी तुला शिव्या द्यायला पाहिजेत."

"द्या."

"देईन. तुझी सुटका नाही. पण आधी मला त्याला फोन करायचाय. तू ठेव." मग लगेच, "थांब. तुझं नाव काय? खरं, पूर्ण."

भिंगरीनं नाव सांगितलं. स्वतःचं पूर्ण नाव इतक्या दिवसांनी उच्चारताना ते तिला दुसऱ्या कुणाचं वाटलं.

"लिहून घेतलं," बाई म्हणाल्या. "ठेव आता, ठेव. मला लाइन मोकळी हवी आहे."

महिनाअखेरीला टॉवरवाल्या कंपनीची दोन माणसं गाडीतून आली, त्यांनी टॉवरच्या खालची पेटी उघडली, काही तारा काढल्या आणि निघून गेली. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. खोऱ्यात कुणाला कळलंसुद्धा नाही, कारण तोवर चौतीसपैकी एकतीस घरांत नवी सिमकार्डं बसली होती. उरलेल्या तिघांनी आम्हाला फोनच नको म्हणून सांगितलं होतं. त्यातला एक दुसऱ्या दिवशी कुरकुरत येऊन कार्ड घेऊन गेला. नेटवर्क पुढच्या महिन्यात दोनदा पडलं. एकदा टाकीवरच्या केबलमध्ये पाणी शिरलं म्हणून, आणि एकदा भिंगरीनंच एक आकडा चुकीचा लिहिला म्हणून. दुसऱ्या खेपेला तिनं दवाखान्याच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: सकाळी नऊ ते सव्वानऊ फोन बंद होते, चूक माझी. खाली पूर्ण नाव घातलं. नर्सबाई ते वाचून म्हणाल्या, "एवढं मोठं नाव आहे होय तुझं!"

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पत्र मिळालं, प्रकरण बंद झालेलं आहे. तिनं ते मास्तरला जसंच्या तसं पाठवलं. तीन आठवडे काही आलं नाही. ती रोज बघायची, आणि बघितलं नाही असं दाखवायची. मामंजींनाही ते कळायचं.

मग एका सकाळी चर्चेच्या जागी नव्हे, तिच्याच नावावर निरोप आला.

"आई त्या दिवशी दीड तास बोलली. बराच वेळ नुसतीच रडली. आता पेला फुटला की काही म्हणत नाही, आणि ते मला जास्तच चमत्कारिक वाटतंय. तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर खोटं होईल, अजून तरी. पुढच्या महिन्यात कर्नलची नवी आवृत्ती येतेय, तिच्यावर तुझा वाहून नेणारा भाग चालणार नाही. घाईनं बदलू नकोस. दुरुस्ती मी लिहितोय, पण माझ्याकडे तपासायला खरं नेटवर्क नाही. तुझ्याकडे आहे. तपासशील का?"

भिंगरीनं ते उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढली, बसली, आणि चालत्या यंत्राला हात लावण्याआधी दवाखान्याचा जुना, अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर फडक्यानं पुसायला घेतला. मामंजींनी दारातून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "चाचणीसाठी वेगळं यंत्र लागणार आहे. याचे मागचे चार स्क्रू तेवढे सोडवून देता का?"